कोच टिकत नाही? मानधनाआधी मैदानाचं वेळापत्रक आणि सातबारा काढा

तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. पश्चिम महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावी तुमचं कॉलेज आहे, फुटबॉलची जुनी परंपरा आहे, आणि तुम्ही माजी खेळाडू म्हणून महाविद्यालय विकास समितीवर आहात. गेल्या काही वर्षांत कोच आले आणि वर्ष-दीड वर्षात निघून गेले. शेवटचे दोघं तर ऐन डिसेंबर-जानेवारीत सोडून गेले. संस्था मैदान लग्नाकार्याला भाड्यानं देते, आणि आता एका बाजूला पार्किंग आणि सभागृह काढायचं घाटतंय. या सगळ्यात तुम्ही विचारलंय ते एवढंच, की मानधन किती वाढवलं तर चांगला कोच टिकेल.

मी बरीच वर्षं कॉलेजात शारीरिक शिक्षण संचालक होतो. कोचच्या मुलाखतींना बसलो, मैदानाचा हिशेब ठेवला, निवृत्तीनंतर दोन-तीन संस्थांना मैदानाच्या कामात मदत करतो. त्या अनुभवावरून सांगतो, तुमचं दुखणं मानधनाचं कमी आणि मैदानाचं जास्त आहे. डिसेंबर-जानेवारी हा तुम्ही सहज लिहिलेला तपशील मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू होते. आंतरविद्यापीठ स्पर्धांची तयारीही साधारण त्याच सुमारास भरात असते, आणि आपल्या कोल्हापूर भागात तालमींचा, म्हणजे पेठांतल्या मंडळांच्या फुटबॉल संघांचा, हंगामही तेव्हाच तापायला लागतो. म्हणजे कोचला मैदान सर्वात जास्त हवं असतं, नेमकं तेव्हाच ते मांडवाखाली जातं. तुमचे कोच पैशासाठी गेले असते तर जूनमध्ये, नवं वर्ष सुरू होताना गेले असते. हंगामाच्या मध्यावर माणूस काम टाकून जातो तेव्हा त्याला ते काम करता येईनासं झालेलं असतं.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. जागा संस्थेच्या मालकीची आहे, शासनानं दिलेली आहे की नगरपालिकेची आहे, यावर तुमच्या हातात किती आहे ते ठरेल. पाऊस किती, माती कुठली, पाण्याची सोय काय, यावर मैदान किती सोसेल ते ठरेल. आणि मानधन अगदीच तुटपुंजं असेल, घरभाडंसुद्धा निघत नसेल, तर मैदान कितीही छान ठेवा, माणूस जाणारच. तेवढी किमान पातळी गाठलीत असं धरून पुढचं लिहितो.

बाहेरच्याला वाटतं, कोच येतो, शिट्टी मारतो, दोन तास पोरांना पळवतो. अभ्यासू कोचचं काम तसं नसतं. तो सामन्याच्या दिवसापासून मागे मोजत येतो. शनिवारी सामना असेल तर मंगळवार-बुधवारी अंगमेहनतीचं सत्र, गुरुवारी पूर्ण मैदानावर अकरा विरुद्ध अकरा रचना बसवायची, शुक्रवारी हलकं काम. बुधवारी दुपारी ऑफिसातून निरोप आला की ‘सर, उद्या मैदान नाही, मांडव पडतोय’, तर त्याचा एक दिवस बुडाला असं नाही, अख्खा आठवडा मोडला. गुरुवारचं काम शुक्रवारी करायला गेलं तर पोरं शनिवारी थकलेल्या पायांनी उतरतात, आणि हरल्यावर जाब त्यालाच विचारला जातो. असं तीन-चारदा झालं की चांगला कोच दुसरीकडे बघायला लागतो. ज्याला फार फरक पडत नाही तोच राहतो, आणि तसा माणूस तर तुम्हाला नको आहे.

चांगल्या कोचला आज पर्यायही आहेत. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा डी परवाना, मग आशियाई महासंघाचे सी, बी, ए परवाने, अशा पायऱ्या चढलेला माणूस स्वतःचे पैसे आणि सुट्ट्या घालून तिथवर आलेला असतो. शहरातल्या शाळांना तो हवा असतो, खासगी अकादम्यांना हवा असतो. संध्याकाळी टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवताच्या छोट्या मैदानावर, लहान मुलांचे वर्ग घेतले तरी त्याचं भागतं. कॉलेजकडे तो येतो तो एकाच ओढीनं: मोठं मैदान आणि रोज येणारी अठरा ते बावीस वयाची पोरं. टर्फवर पाच-सात जणांचा खेळ होतो, तिथे बचावफळीची ओळ शिकवता येत नाही, लांब पासचा अंदाज येत नाही. तुमच्याकडे देण्यासारखं जे आहे ते हे मैदानच. आणि संस्था तेच मोडायला निघाली आहे.

मुलाखतीला आलेला जाणता कोच काय करतो ते मी अनेकदा पाहिलंय. तो पगाराआधी मैदान बघायला मागतो. गोलसमोरच्या भागात पाय घासतो, कोपऱ्यात पाणी साचल्याच्या खुणा बघतो, जाळ्या आणि चेंडू कुठे ठेवता ते विचारतो. मग शिपायाशी बोलतो. प्राचार्यांनी दिलेल्या शब्दापेक्षा शिपायानं सांगितलेली गोष्ट तो जास्त धरून चालतो, आणि ते बरोबरच आहे.

आता मातीकडे येतो. संस्थाचालकांना सर्वात कमी कळणारी बाब हीच. त्यांचं म्हणणं असतं, ‘दोन दिवस मांडव होता, तिसऱ्या दिवशी काढला, मैदान तिथंच आहे की.’ मैदान तिथं असतं, पण ते मैदान राहिलेलं नसतं. मांडवाचं सामान घेऊन ट्रक आत येतो, जनरेटरची गाडी येते, पाण्याचा टँकर येतो. ओलसर जमिनीवरून भरलेला ट्रक एकदा गेला तरी चाकाखालची माती दाबून घट्ट होते, तिच्यातली हवा आणि पाणी जायची वाट बंद होते. गवताचं मूळ खाली जात नाही, पावसाचं पाणी वरच साचतं. काळ्या जमिनीत हाल आणखी वाईट, कारण ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. चाकोऱ्या पडलेल्या भेगाळ जमिनीवर पोरगा वेगात वळला की घोटा गेला, नाहीतर गुडघा. मुरमाड जमीन पाणी लवकर सोडते, पण गवत गेलं की वरचा मऊ थर वाऱ्यापावसानं निघून जातो आणि खाली खडे उघडे पडतात. गोलकीपर उडी मारणंच सोडून देतो. हे कोणाला सांगायची गरज पडत नाही, त्याची कोपरं आणि मांड्या बघितल्या की कळतं.

त्याशिवाय खिळे. मांडवाच्या खुंट्या काढतात, पण खिळे, तारेचे तुकडे, काचा, प्लास्टिकच्या पट्ट्या मागे राहतात. आचाऱ्यांची चूल जिथे लागते तिथली जमीन भाजून निघते, गरम तेल सांडलेल्या जागी पुढचा हंगामभर काही उगवत नाही. मी प्रत्येक कार्यक्रमानंतर मोठं लोहचुंबक दोरीला बांधून सगळ्या मैदानावरून ओढायला लावत असे. निघालेल्या खिळ्यांचं डबडं संस्थेच्या सचिवांच्या टेबलावर ठेवलं, तेव्हा कुठे अनामत रकमेचा विषय सभेपुढे आला. तुम्हीही करून बघा, भाषणापेक्षा याचा उपयोग होतो.

गवताला फार खर्च येतो हा समज काढून टाका. आपल्याकडे हरळी आपोआप येते, पायाखाली तुडवली तरी पुन्हा धरते, आणि फुटबॉलला ती चांगली. तिला हवं असतं ते पाणी, वेळेवर कापणी आणि विश्रांती. पाण्याचा अंदाज घ्या: १०५ बाय ६८ मीटरचं पूर्ण मैदान म्हणजे ७,१४० चौरस मीटर. त्यावर ५ मिलिमीटर पाणी द्यायचं तर सुमारे ३६,००० लिटर, म्हणजे १०,००० लिटरचे साडेतीन टँकर. हे विकत घेणं कॉलेजला झेपणार नाही. पण स्वतःची विहीर किंवा बोअर असेल आणि वसतिगृहाचं सांडपाणी प्रक्रिया करून वापरता येत असेल, तर जमतं. तेही शक्य नसेल तर निदान दोन्ही गोलसमोरचे भाग आणि मधलं वर्तुळ एवढंच जपा, मैदान सर्वात जास्त झिजतं ते तिथेच. पावसाळ्याआधी गाळाची माती, वाळू आणि कुजलेलं शेणखत चाळून पातळ थर द्या, आणि पहिल्या जोराच्या पावसानंतर तीन-चार आठवडे कोणालाही आत सोडू नका. त्या काळात कोच व्यायाम आणि बाजूच्या पट्टीवरचं काम घेईल. अशा विश्रांतीला चांगला कोच कधीच नाही म्हणत नाही, कारण तिचं फळ त्यालाच मिळणार असतं.

क्रिकेटचं काय, हा प्रश्न तुमच्याकडेही असणारच. बहुतेक कॉलेजांत क्रिकेटची खेळपट्टी नेमकी फुटबॉल मैदानाच्या मधोमध येते. पक्की सिमेंटची पट्टी असेल तर ती कडेला न्या, तिथे सरावाची जाळी उभी करा. हे भांडण दोन खेळांच्या शिक्षकांवर सोडू नका, समितीनं ठरवून द्या.

मैदान इतर कशालाच द्यायचं नाही, असं मी म्हणत नाही. परीक्षा, एनसीसीचं संचलन, पोलीस भरती, निवडणुकीची कामं, यांतलं काही टाळता येत नाही. प्रश्न कधी आणि कुठे याचा आहे. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाचं उदाहरण मला आवडतं. तिथलं बिल आर्मस्ट्राँग स्टेडियम १९८१ मध्ये उघडलं. तिथे विद्यापीठाचा आपला फुटबॉल (तिकडे त्याला सॉकर म्हणतात) होतो आणि ‘लिटल ५००’ नावाची विद्यार्थ्यांची मोठी सायकल शर्यतही होते. पण सायकली गवताभोवतीच्या वेगळ्या धावपट्टीवर धावतात, आणि शर्यत एप्रिलमध्ये असते, तर कॉलेज फुटबॉलचा हंगाम ऑगस्ट ते डिसेंबर. एकाच आवारात दोन मोठे कार्यक्रम, तरी गवत आणि हंगाम दोन्ही अबाधित. तिथले कोच जेरी येगली यांनी १९६३ मध्ये काम सुरू केलं तेव्हा तो फक्त क्लब होता, १९७३ मध्ये विद्यापीठाचा अधिकृत संघ झाला, आणि २००३ मध्ये सहावं राष्ट्रीय विजेतेपद मिळवून ते निवृत्त झाले. ही विजेतेपदं स्टेडियममुळे आली असा माझा दावा नाही. तिथला पैसा वेगळा, व्यवस्था वेगळी. पण चाळीस वर्षं एका जागी माणूस रमतो तेव्हा त्याला तिथे काम करू दिलं जात होतं, एवढं नक्की.

तुमच्यासाठी याचा अर्थ असा, की जूनमध्येच वर्षाचं मैदान-वेळापत्रक समितीत मंजूर करून घ्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बाहेरचा कार्यक्रम नाही. बाकी महिन्यांत कार्यक्रम घेतलाच तर मुख्य गवतावर नाही, कडेच्या पट्टीवर किंवा इमारतीसमोरच्या मोकळ्या जागेत. वाहन आत नाही. अनामत अशी की मैदान पूर्ववत करण्याचा खर्च तिच्यातून भागेल, आणि ती परत करायची की नाही हे कोच आणि क्रीडा संचालक यांच्या सहीनं ठरेल. ही शेवटची अट सोडू नका. कोचच्या सहीला किंमत आहे हे दिसलं की त्या मैदानाशी त्याचं नातंच बदलतं.

संस्था म्हणेल, लग्नाचं भाडं बुडालं. त्यांचं म्हणणं उडवून लावू नका, अनुदानित कॉलेजला वेतनेतर खर्चाची खरंच ओढाताण असते. त्यांना हिशेब मांडून दाखवा: भाडं किती आलं, आणि त्यातून सपाटीकरण, माती, वीज, सफाई, दुरुस्ती किती गेली. मी ज्या ज्या ठिकाणी हे मांडलं तिथे उरलेला आकडा संस्थेच्या कल्पनेपेक्षा बराच लहान निघाला. पर्यायी उत्पन्न म्हणून सकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी गावातल्या शाळकरी मुलांचा वर्ग चालवा. फीचा एक ठरलेला वाटा कोचला, एक मैदान निधीला, उरलेला संस्थेला. यातून कोचचं उत्पन्न वाढतं आणि चार वर्षांनी कॉलेजला येणारी पोरंही तयार होतात. मात्र करार लेखी हवा आणि मैदान निधीचं खातं वेगळं हवं, नाहीतर सगळा पैसा मुख्य खात्यात विरून जातो.

आता कागदपत्रं. हा भाग कंटाळवाणा आहे, पण सभागृहाचा विषय इथेच थांबेल किंवा पुढे सरकेल. मैदानाचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका काढा. जागा शासनानं शैक्षणिक किंवा क्रीडा प्रयोजनासाठी दिलेली असेल तर मूळ आदेशातल्या अटी वाचा. दुसऱ्या कामाला वापरली तर शर्तभंग होतो आणि प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत जातं. मग नगरपालिकेतून विकास आराखड्याचा अभिप्राय घ्या. त्या जागेवर क्रीडांगणाचं आरक्षण असेल तर ते बदलायला प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ खाली फेरबदलाची प्रक्रिया करावी लागते, जाहीर सूचना निघते, हरकती मागवल्या जातात. आणि संस्था सार्वजनिक न्यास असेल, बहुतेक शिक्षणसंस्था असतात, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ प्रमाणे स्थावर मालमत्ता विकायला, किंवा बिगरशेती जमीन ३ वर्षांपेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्यानं द्यायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. एखाद्या मंगल कार्यालयवाल्याला जागा दीर्घ मुदतीनं देण्याचा विचार असेल तर हे कलम समितीला वाचून दाखवा. तुमच्या जागेची नेमकी स्थिती वकिलाकडून तपासून घ्या. मी दिशा सांगतोय, कायदेशीर सल्ला देत नाही.

कागदांवर जागा मोकळी निघाली आणि बांधकाम अटळच असेल, तर निदान ते कुठे करायचं यावर लढा. नियमानुसार मैदानाची लांबी ९० ते १२० मीटर आणि रुंदी ४५ ते ९० मीटर असावी लागते. हा किमान आकडा संस्थेच्या आर्किटेक्टला सापडतो आणि तो म्हणतो, ‘४८ मीटर उरतायत, नियमात बसतंय.’ कागदावर बसतं, पण त्या पट्टीवर विंगर, म्हणजे कडेनं चढाई करणारा खेळाडू, हा प्रकारच उरत नाही, आणि बाहेरच्या मोठ्या मैदानावर गेल्यावर तुमच्या संघाला कडेची जागा वापरताच येत नाही. माझी मर्यादा १०० बाय ६४ मीटर, शिवाय चारही बाजूंनी किमान तीन मीटर मोकळी पट्टी. त्याखाली जाणाऱ्या नकाशावर सही करू नका. इमारत लांबीच्या बाजूला नको, गोलमागच्या टोकाला आणि तीही मोकळी पट्टी सोडून. गटाराचं तोंड मैदानाकडे नको. आणि बांधकाम चालू असताना खडी-वाळू मैदानात टाकायची नाही, हे ठेकेदाराच्या करारातच लिहा. इमारत वर्षभरात उभी राहते, पण खडी शिरलेलं मैदान पुन्हा खेळण्याजोगं व्हायला कित्येक हंगाम जातात.

कोचच्या करारात काय असावं याबद्दल थोडं. अकरा महिन्यांचा करार करून दरवर्षी त्याला दारात उभं करू नका, तीन वर्षांचा करा. त्यात मैदानाचे तास लिहा: सकाळी किती वाजता, आठवड्यात किती दिवस, पूर्ण मैदान किती. कुलूप लागणारी एक खोली द्या. मुलींचा संघ असेल, आणि नसेल तर काढा, त्यांच्यासाठी कपडे बदलायची जागा आणि स्वच्छतागृह मैदानालगत हवं. ते नसल्यानं मुली येत नाहीत आणि खापर कोचवर फुटतं. तालमींकडून खेळणाऱ्या पोरांचा प्रश्न आपल्या भागात कायमचा आहे. पोरगं रविवारी पेठेच्या संघातून खेळून सोमवारी लंगडत येतं. तालमीच्या लोकांशी हंगामाआधी बोलून तारखा जुळवायचं काम प्राचार्य किंवा तुमच्यासारख्या माजी खेळाडूनं करावं. बाहेरून आलेल्या कोचला त्या भांडणात एकटं सोडू नका.

आणि मैदानाचा शिपाई. रेषा आखणारा, पाणी सोडणारा, सकाळी कुलूप उघडणारा माणूस कायम आणि मानानं ठेवलेला असावा. त्याला दुपारी ऑफिसात फायली वाहायला लावलंत तर संध्याकाळी जाळ्या कोण बांधणार? कोच टिकलेली जी कॉलेजं मी पाहिली, त्यांतल्या बहुतेक ठिकाणी असा एक जुना माणूस मैदानावर होता.

पुढच्या सभेला जाण्याआधी तीन कामं करा. टेप लावून मैदान मोजा आणि कच्चा नकाशा काढा. गेल्या दोन वर्षांत मैदान कोणत्या तारखांना बाहेर दिलं त्याची यादी ऑफिसकडून लेखी घ्या आणि तिच्याशेजारी संघाच्या सामन्यांच्या तारखा लिहा. मग सोडून गेलेल्या दोन्ही कोचना फोन करा. का सोडलंत असं विचारू नका, सभ्य माणूस घरची अडचण सांगेल. मैदान कोणत्या दिवशी मिळालं नाही आणि ते तुम्हाला किती आधी कळलं, एवढंच विचारा. उत्तरं तुमच्या यादीशी ताडून बघा, आणि तो कागद घेऊनच सभेत बसा.